जुन्या ध्वनियंत्रांतील दिव्याची बटणे

एखादे जुने ध्वनियंत्र बंद पडले की त्याचे आयुष्य संपले, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. वीस-पंचवीस किलो वजनाचा टेपरेकॉर्डर माळ्यावर जातो, तेथून भंगारवाल्याकडे. पुष्कळदा त्या यंत्रातील मोटार, ट्रान्झिस्टर, हेड हे सारे महत्त्वाचे भाग उत्तम स्थितीत असतात. निकामी झालेले असते ते समोरच्या पट्टीवरचे एक बटण, किंवा त्या बटणाच्या पोटातला वाटाण्याएवढा दिवा. दाबले असता उजळणाऱ्या अशा बटणांची रचना कशी असते, ती बिघडली हे कसे ओळखावे, आणि बदलायची झाल्यास नवी कोठून आणावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवीशी काय कर्तव्य, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपण ज्यांचा अभ्यास करतो त्या जात्यावरच्या ओव्या, भारुडे, खासगी मैफली, व्याख्याने व मुलाखती यांचा फार मोठा भाग चुंबकीय फितीवर आहे. पुण्यात १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने लोकसंगीताच्या व संगीतशास्त्राच्या अभ्यासासाठी ध्वनिसंग्रह सुरू केला, तो पुढे दिल्लीच्या बाजूला गेला. असे मोठे संग्रह सोडले तरी महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या कपाटांत स्पूल पडून आहेत. हस्तलिखित पोथी वाचायला डोळे पुरतात. फीत वाचायला मात्र यंत्रच लागते, आणि यंत्र बटणावर चालते.

एका बटणात दोन वस्तू

दिव्याच्या बटणाबद्दल पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही, की ते दिसायला एक असले तरी त्यात दोन स्वतंत्र वस्तू नांदत असतात. एक खटका, म्हणजे धातूच्या पात्या एकमेकींना टेकवणारी किंवा दूर करणारी यंत्रणा. दुसरा दिवा. दोघांवर पारदर्शक प्लॅस्टिकची एकच टोपी असते, म्हणून आपल्याला ती एक वस्तू वाटते. खटका बिघडला तरी दिवा चांगला असू शकतो, आणि दिवा गेला तरी खटका आपले काम निमूटपणे करीत असतो. दुरुस्तीतला निम्मा गोंधळ हा भेद न केल्यामुळे होतो.

खटक्यांचेही प्रकार आहेत. काही बटणे दाबली की आत अडकून बसतात आणि पुन्हा दाबल्यावर सुटतात. काही केवळ बोट ठेवले असेपर्यंतच जोड करतात. काही बटणे रांगेत असतात आणि एक दाबले की आधीचे दाबलेले आपोआप वर येते. जुन्या रेडिओंवरील ही रांग पुढे शब्दशः अमर झाली. संगणकाच्या पडद्यावर अनेक पर्यायांपैकी एकच निवडू देणारी जी लहान वर्तुळे असतात, त्यांना आजही ‘रेडिओ बटण’ असेच म्हणतात.

व्यावसायिक यंत्रांत दिव्याचे काम आणखी महत्त्वाचे असते. स्वित्झर्लंडमध्ये विली स्टुडर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा ए-८० हा टेपरेकॉर्डर १९७० मध्ये आला आणि पुढे जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत व नभोवाणी केंद्रांत पोहोचला. अशा यंत्रांत बोटाने दाबलेले बटण फीत स्वतः हलवीत नाही. ते आतील विद्युत्‌मंडळाला फक्त हुकूम देते. हुकूम पोहोचून मान्य झाला, की ते मंडळ बटणाचा दिवा लावते. म्हणजे दिवा ही यंत्राची पोच आहे. बटण दाबले, दिवा लागला, पण फीत हलली नाही, तर बटण निर्दोष असून दोष पुढे कोठेतरी आहे, एवढे निदान झाकण न उघडताही करता येते.

तांबडा दिवा

सर्व दिव्यांत तांबड्या दिव्याला विशेष मान आहे. तो मुद्रणाचा, म्हणजे ‘रेकॉर्ड’चा दिवा. त्याचे महत्त्व समजण्यासाठी फितीचा प्रवास पाहू. तीन हेडच्या यंत्रात फीत डावीकडून उजवीकडे सरकताना प्रथम पुसणाऱ्या हेडवरून जाते, नंतर मुद्रण करणाऱ्या आणि शेवटी ऐकवणाऱ्या. यंत्र मुद्रणाच्या अवस्थेत असेल, तर पुसणारे हेड उच्च कंप्रतेच्या प्रवाहाने जुना आवाज साफ पुसून टाकते. नवा आवाज दिला नसला तरी पुसणे चालूच राहते. सेकंदाला १९ सेंटिमीटर या नेहमीच्या गतीने दहा सेकंदांत जवळजवळ दोन मीटर फीत कोरी होते, आणि ती पुन्हा भरून आणण्याचा कोणताही उपाय नाही.

कॅसेटच्या पाठीमागे मोडता येणारी दोन लहान दाते असतात. ती मोडली की त्या कॅसेटवर मुद्रण होत नाही. स्पूलच्या फितीला असे कोणतेही कवच नाही. तिचे रक्षण दोनच गोष्टी करतात, चालवणाऱ्याची सावधगिरी आणि तो तांबडा दिवा. मुद्रणाचा खटका चिकटून बसला आहे आणि दिवा मात्र जळून गेला आहे, असा योग जुळून आला, तर एखाद्या दिवंगत गायकाची एकमेव मैफल ऐकता ऐकता पुसली जाईल, आणि समोरच्या पट्टीवर त्याची कोणतीही खूण दिसणार नाही. म्हणून नियम असा करावा, की जुन्या यंत्राचा तांबडा दिवा लागतो याची खात्री झाल्याखेरीज मोलाची फीत त्यावर चढवू नये. आधी एखादी टाकाऊ फीत चढवून मुद्रण व श्रवण दोन्ही तपासावे. यंत्रावर ‘सेफ’ अशी खूण असलेला खटका असेल, तर तो त्या स्थितीत ठेवावा. केवळ ऐकण्यासाठीच यंत्र वापरायचे असेल, तर जाणकाराकडून मुद्रणाचे मंडळच तात्पुरते तोडून घेणे सर्वांत सुरक्षित.

दोष कोणाचा?

निदानाची पद्धत सोपी आहे. काम होते पण दिवा लागत नाही, तर बहुधा बल्ब गेला. दिवा लागतो पण काम अधूनमधून होते, किंवा बटण जोराने दाबले की आवाज येतो आणि सोडले की एका बाजूचा जातो, तर खटक्याच्या पात्या मळल्या आहेत. एका ओळीतले सगळेच दिवे एकदम गेले, तर बल्बांना दोष देऊ नये. त्यांना वीज पुरवणारा फ्यूज पाहावा.

बल्बबद्दल शंका असेल, तर यंत्राचा प्लग काढून शेजारच्या बटणातला चांगला बल्ब तेथे घालून पाहावा. या अदलाबदलीला कोणतेही उपकरण लागत नाही. मल्टिमीटर असेल तर बल्बचा रोध मोजता येतो. २८ व्होल्ट, ०.०४ अँपिअरचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ७०० ओहम भरतो, पण थंड असताना त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच दिसतो. तेव्हा ६०-७० ओहमचा आकडा पाहून बल्ब बिघडला असे समजू नये. आकडा अनंत आला, म्हणजे तार तुटली.

बल्बची कुंडली

हे बल्ब साध्या विजेरीच्या बल्बसारखे नसतात. बटणात मावणारा सर्वांत प्रचलित बल्ब ‘टी-पावणेदोन’ या मापाचा आहे. ‘टी’ म्हणजे नळीसारखा आकार, आणि पुढचा आकडा म्हणजे व्यास इंचाच्या किती अष्टमांश आहे ते. पावणेदोन अष्टमांश म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर. याहून बारीक टी-१, तो सुमारे तीन मिलिमीटरचा. बल्बचा तळही निरनिराळा असतो. कोठे धातूची कडा, कोठे दोन पिना, कोठे नुसत्या दोन तारा, तर कोठे टेलिफोनच्या जुन्या पाट्यांवर असत तसा दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला लांबट बल्ब. व्होल्ट, अँपिअर, व्यास आणि तळ ही चार अंगे जुळली, तरच बल्ब जुळला. वर उदाहरणादाखल घेतलेला २८ व्होल्टचा बल्ब बाजारात ३२७ या क्रमांकाने ओळखला जातो. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा असा क्रमांक सांगावा, किंवा जळका बल्बच खिशात घालून न्यावा. बल्ब बाहेर काढताना चिमट्याने काच फुटते. योग्य मापाच्या मऊ रबरी नळीचा तुकडा त्यावर बसवून ओढला की तो अलगद निघतो.

बल्बच्या आयुष्याचे गणित मोठे मौजेचे आहे. व्होल्टेज थोडे घटले की आयुष्य भराभर वाढते. हा संबंध सुमारे बाराव्या घाताचा आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी कमी ठेवले तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, दहा टक्क्यांनी कमी ठेवले तर साडेतीन पट. २४ व्होल्टच्या मंडळात २८ व्होल्टचा बल्ब लावण्याची युक्ती यावरच आधारलेली आहे. प्रकाश थोडा मंद व पिवळसर पडतो, पण पुन्हा यंत्र उघडण्याची पाळी लवकर येत नाही. उलट व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले, तर आयुष्य निम्म्याच्या आसपास येते.

एल. ई. डी. बसवावा काय?

दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एल. ई. डी. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दाखवला. प्रखर निळ्या प्रकाशाचा एल. ई. डी. मात्र १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या हातून आला. त्यामागील संशोधनाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यानंतर पांढरा शक्य झाला, आणि मग जुन्या बल्बच्या मापाचे, तसाच तळ असलेले एल. ई. डी. दिवे बाजारात आले. त्यांचा फायदा उघड आहे. आयुष्य मोठे, उष्णता अल्प. जुन्या बल्बच्या एक-एक वॅट उष्णतेने बटणाच्या टोप्या वर्षानुवर्षे भाजून पिवळ्या व ठिसूळ होतात. तो त्रास वाचतो.

परंतु डोळे मिटून बदल करू नये. एल. ई. डी.ला प्रवाह आवरणारा रोधक लागतो. २४ व्होल्टच्या मंडळात तांबडा एल. ई. डी. सुमारे २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. उरलेले २२ व्होल्ट रोधकाने झेलायचे. प्रवाह १० मिलिअँपिअर ठरवला, तर रोधक २२०० ओहमचा हवा. त्यात ०.२२ वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा काठावरचा रोधक न घेता अर्ध्या वॅटचा घ्यावा. तयार एल. ई. डी. बल्बमध्ये हा रोधक आतच असतो, पण त्याची धन-ऋण बाजू पाहूनच तो बसवावा लागतो. दिव्यांना प्रत्यावर्ती प्रवाह मिळत असेल, तर साधा एल. ई. डी. उलट्या व्होल्टेजने मरतो; त्याला डायोडचे संरक्षण द्यावे लागते, आणि तरीही तो किंचित थरथरतो.

रंगाचेही पथ्य आहे. तारेचा दिवा सर्व रंगांचा प्रकाश देतो, म्हणून तांबड्या टोपीतून तांबडा, हिरव्यातून हिरवा दिसतो. पांढऱ्या एल. ई. डी.च्या प्रकाशात निळा भरपूर आणि गडद तांबडा थोडा असतो, त्यामुळे तांबडी टोपी मलूल दिसते. तांबड्या टोपीखाली तांबडाच एल. ई. डी. लावावा. दुधी टोपीखाली निळसर पांढरा न लावता उबदार पांढरा लावला, तर जुन्या उजेडाच्या जवळ जाता येते. काही यंत्रांत दिवा विझलेल्या अवस्थेतही अल्पसा प्रवाह वाहत असतो. तारेच्या बल्बला तो जाणवत नाही, एल. ई. डी. मात्र त्यावर अंधूक जळत राहतो. मुद्रणाच्या दिव्याच्या बाबतीत ही अंधूकता घातक आहे, कारण ‘चालू की बंद’ हाच तर त्याचा सारा अर्थ. अशा वेळी एल. ई. डी.ला समांतर रोधक जोडून तो प्रवाह वळवावा, नाही तर तेथे जुन्या पद्धतीचा बल्बच ठेवावा.

मळलेल्या पात्या

खटक्याच्या पात्यांवर बहुधा चांदीचा मुलामा असतो. देवघरातले चांदीचे निरांजन जसे काळे पडते तशाच या पात्या काळ्या पडतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. घरातल्या विजेच्या खटक्यात दाब व प्रवाह इतका असतो की असा थर आड येत नाही. ध्वनीचा संकेत मात्र काही मिलिव्होल्टचा असतो, तो या थरापाशीच अडतो. म्हणून मळ आधी आवाजात जाणवतो.

उपाय म्हणजे खटक्यांसाठी मिळणारे स्वच्छक द्रव्य थेंबभर सोडून बटण वीस-तीस वेळा दाबणे. त्या घासण्याने पात्या उजळतात. पॉलिश कागद वापरू नये. त्याने काळेपणाबरोबर मुलामाही जातो आणि आतले पितळ उघडे पडून खटका कायमचा निकामी होतो. दाराच्या बिजागरीला मारायचे तेलही येथे चालत नाही. टोपी साफ करायला साबणाचे कोमट पाणी पुरेसे आहे. थिनर व ॲसिटोन यांनी बहुतेक प्लॅस्टिक विरघळते, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक टोपी पांढुरकी होते.

बदली बटण शोधताना

साफ करूनही जमले नाही, तरच बटण बदलावे. शोधाची सुरुवात बाजारात न करता त्या बटणाच्या अंगावरच करावी. बाजूला बारीक अक्षरांत कारखान्याची खूण व क्रमांक असतो. जपानी यंत्रांत अनेकदा आल्प्सची बटणे सापडतात. ही कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ पासून आल्प्स अल्पाइन या नावाने ओळखली जाते. युरोपातील ध्वनिमुद्रणगृहांच्या यंत्रांत बर्लिनच्या शॅडो कंपनीची बटणे पुष्कळ वापरली गेली. तो व्यवसाय पुढे आय. टी. टी., नंतर सी अँड के असा हस्तांतरित होत गेला, आणि २०२२ मध्ये सी अँड के ही कंपनी लिटलफ्यूजने घेतली. नाव बदलले म्हणून माल संपला असे होत नाही. जुन्या मालिकेचे नवे नाव शोधावे लागते, एवढेच.

क्रमांक मिळाला नाही, तर मोजमापे घ्यावीत. पिनांमधील अंतर इंचाच्या दशांशात म्हणजे २.५४ मिलिमीटरच्या पटीत आहे की ५ मिलिमीटरच्या, पिना किती, दांडा किती जाड, दाबल्यावर किती आत जातो, अडकून बसतो की सुटतो. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. काही खटके जुना जोड तोडून मग नवा करतात, काही नवा करून मग जुना तोडतात. आवाजाची निवड करणाऱ्या बटणात हा क्रम उलटा झाला, तर प्रत्येक दाबण्याला स्पीकरमध्ये ‘धप्प’ असा आवाज येतो.

मग बाजार. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट या ठिकाणी सुटे भाग मिळतात. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच जातीचे मोडके यंत्र मिळाले, तर त्यातून डझनभर बटणे एकदम निघतात. आणि बाजारात जाण्यापूर्वी घरचाच एक उपाय करून पाहावा. त्याच यंत्रावर क्वचितच लागणारे, तशाच जातीचे एखादे बटण असते. ते काढून रोजच्या बटणाच्या जागी बसवावे, आणि दुखणाईताला त्या आडगिऱ्हाइकी जागी पाठवावे. फुटलेली टोपी मात्र आता साचा घेऊन राळेत ओतता येते किंवा त्रिमितीय छपाईने करता येते.

हात घालण्यापूर्वी

यंत्र चालू-बंद करणारे बटण इतरांसारखे समजू नये. त्यात २३० व्होल्ट खेळत असतात. त्याच्या जागी कमी क्षमतेचा खटका बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्यातला नारिंगी दिवा अनेकदा निऑनचा असून थेट घरच्या विजेवर चालतो. तेथे नुसता एल. ई. डी. लावू नये. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरांत वीज साठून राहते, म्हणून ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. डाख काढताना जुन्या पाटीवरचे तांब्याचे पट्टे उष्णतेने सुटतात. बटण टाकूनच द्यायचे असेल, तर ते कापून एकेक पिन वेगळी काढणे पाटीच्या हिताचे असते. ६३ भाग कथिल व ३७ भाग शिशाचा डाख १८३ अंशांवर वितळतो. त्यासाठी दोन-तीन सेकंदांचा स्पर्श पुरतो.

पोथीची डागडुजी करणारे एक पथ्य पाळतात. चिकटवलेला कागद पुढे कोणाला काढावासा वाटला, तर मूळ पानाला इजा न होता तो काढता आला पाहिजे. येथेही तेच पाळावे. काढलेले मूळ बटण व बल्ब पाकिटात घालून, वर तारीख व जागा लिहून, यंत्रासोबत ठेवावे. काय बदलले याची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवावी.

२०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला. फिती ऐकवणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत असल्याने २०२५ पर्यंत फितींवरील ठेवा संगणकावर उतरवून घ्यावा, नाही तर तो कायमचा मुका होईल, असा त्याचा आशय होता. ते साल उलटून गेले. कपाटांतल्या सगळ्या फिती काही उतरवून झालेल्या नाहीत. म्हणजे यापुढे चालू स्थितीत राहिलेला प्रत्येक टेपरेकॉर्डर हा एखाद्या दुर्मिळ लिपीच्या शेवटच्या वाचकासारखा आहे. त्याचे एक बटण अडकले म्हणून त्याला भंगारात काढण्यापूर्वी ती पारदर्शक टोपी उचलून आत डोकावून पाहावे. आणि उजळत नसलेले बटण तांबडे असेल, तर फीत चढवण्यापूर्वी पाहावे.